हिशेब कुणाला द्यायचा? सोलापुरातल्या स्वयंसेवी संस्थांची पार्श्वभूमी

यात्रा संपून वारकरी परतले, की पंढरपुरात मागे उरणाऱ्यांत एके काळी तान्ही मुलेही असत. विधवेला पुन्हा लग्न नाही आणि दिवस राहिले तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून चंद्रभागेकाठच्या गर्दीत आपल्याला कुणी ओळखणार नाही, या आशेने बायका इथे येत. 1875 मध्ये न्यायखात्यातले अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाने अशा मुलांसाठी बालकाश्रम काढला. पुढे तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. लगोलग 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ आला. त्याचा जबर तडाखा बसलेल्या जिल्ह्यांत सोलापूरही होते.

आज आपण ‘एनजीओ’ म्हणतो तो शब्द तेव्हा नव्हता, पण संस्था नोंदणीचा कायदा 1860 चा आहे आणि अजूनही लागू आहे. त्या काळी देणगी देणारा, संस्था चालवणारा आणि मदत घेणारा एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात असत. हिशेब चुकला तर रस्त्यात गाठून विचारता येई. पुढच्या दीडशे वर्षांत हे अंतर कसे वाढत गेले, त्यातच आजच्या बऱ्याच अडचणींचे मूळ आहे, असे मला वाटते.

गिरण्या आल्या तशी शहराची वस्ती बदलली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि पूर्व भागात तेलुगू रुजली. शहरात मराठी, कन्नड आणि उर्दू होत्याच. समाजोपयोगी काम बरेचसे ज्या त्या समाजाच्या वसतिगृहांतून, वाचनालयांतून आणि धर्मशाळांतून झाले. पुण्यात 1909 मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाचे काम सोलापुरात पोचले आणि मुलींच्या शाळेच्या रूपाने टिकले. दुसऱ्या टोकाला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना सरकारने तिथे कोंडले होते आणि त्यांची हजेरी घेतली जाई. सुधारणेच्या नावाखाली माणसे डांबता येतात, हे या शहराने डोळ्यांनी पाहिले आहे. 31 ऑगस्ट 1952 ला हा कलंक कायद्याने पुसला, तरी वस्तीचे नाव आजही लोकांच्या तोंडी सेटलमेंटच आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने संस्थांना धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आणले. वार्षिक ऑडिट आले आणि विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची आयुक्तांकडे लेखी नोंद, आली. 1953 मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि सरकारी अनुदानाची वाट खुली झाली. बालवाड्या, शिवणवर्ग आणि वसतिगृहे उभी राहिली, पण अनुदान थकले की ती लटकू लागली. सोलापूरच्या विडी वस्त्यांनी हे जवळून अनुभवले. आई तेंदूपत्ता नि तंबाखू घरी आणून विड्या वळे आणि पोरे शेजारी बसून हात लावत. 1988 च्या राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाखाली अशा मुलांसाठी विशेष वर्ग चालले. ते चालवणाऱ्या बऱ्याच संस्था स्थानिक होत्या. या योजनेत शिक्षकांचे मानधन रखडणे ही ठिकठिकाणची जुनी तक्रार होती. 2021 मध्ये ही योजना समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली.

संकटांनीही संस्था घडवल्या. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना पाहून ग्रामीण भागात उतरलेली पिढी पुढे पाणलोट, बियाणे आणि आरोग्याच्या कामात राहिली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरले, तेव्हा जखमी सोलापूरच्या रुग्णालयांतही आले. मदतीला परगावच्या संस्थाही धावल्या. त्यांच्याबरोबर प्रस्ताव, सर्वेक्षण आणि अहवाल ही भाषा या भागात पसरली. तिचा फायदा झाला हे मान्य करायला हवे, कारण नुसत्या कळकळीने घरे बांधून होत नाहीत.

बार्शीचे उदाहरण मला सगळ्यात मोलाचे वाटते. तिथले नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय 1980 च्या दशकात उभे राहिले. 1987 पासून मुंबईच्या टाटा मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या साथीने बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांची कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली ही देशातली पहिली नोंदणी. ती नुसती रुग्णालयात बसून होण्यासारखी नव्हती. कार्यकर्ते गावोगाव जात, ‘अंगावरून जाते का’ हे बायकांना विचारत आणि शंका आली की तपासणीला आणत. या पायावर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा त्याचा 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर वाचला गेला. पण तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नव्हती. त्याबद्दल पुढे नैतिकतेचे प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारलेच जायला हवे होते. गावातल्या बाईने संस्थेवर टाकलेला विश्वास अहवालाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

1992 मध्ये नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने बचत गटांना बँकेशी जोडले, तेव्हा हिशेबाची वही बायकांच्या हाती आली. सोलापुरात उद्योगवर्धिनीसारख्या संस्थेने भाकरी, शेंगा चटणी आणि शिवणकाम यांतून बायकांना घरखर्चाला हातभार लावण्याइतके कमावते केले. इथे संस्थेला जाब विचारणारी बाई समोरच बसलेली असते.

गेल्या दहा-बारा वर्षांत पैशाचा रस्ता पुन्हा बदलला. कंपनी कायद्यातली सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची, तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाली. 5 कोटींचा निव्वळ नफा किंवा ठरावीक मोठी उलाढाल असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. सोलापूरची गोम अशी की इथले यंत्रमाग नि चादरीचे कारखाने बहुतेक लहान, आणि सहकारी साखर कारखाने कंपनी कायद्यात येतच नाहीत. शिवाय कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. त्यामुळे पुणे-मुंबईच्या कंपन्यांचा पैसा इथवर येईपर्यंत आटतो. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली आणि मोठ्या संस्थेने तो निधी लहान संस्थेला द्यायला बंदी घातली. मंगळवेढ्यात किंवा करमाळ्यात काम करणाऱ्या लहान संस्थेला याच वाटेने पैसा मिळू शकत होता. संस्थेला आणि तिच्या देणगीदारांना आयकरात सवलत मिळवून देणाऱ्या 12ए आणि 80जी नोंदणीचेही आता ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. परदेशी पैशावर लक्ष हवे आणि बोगस संस्थांना चाप हवा, यात दुमत नाही. पण दोन शिक्षिका आणि एक परिचारिका एवढ्यावर चालणाऱ्या संस्थेला आणि शेकडो नोकर असलेल्या संस्थेला एकच फूटपट्टी लावली, की लहान संस्थेची कार्यकर्ती वस्तीऐवजी संगणकासमोर बसते.

कार्यकर्ती मिळणेही अवघड झाले आहे. पूर्व भागात तेलुगू हवी, अक्कलकोटकडे कन्नड हवी, आणि प्रकल्पाची मुदत मात्र वर्षा-दोन वर्षांची. ती वस्तीत ओळखीची होते न होते तोच पुण्याला नोकरीला निघून जाते.

सोलापूरकर हात आखडता घेणारे नाहीत. यात्रेच्या दिवसांत अन्नदानाला शिधा कमी पडत नाही, शाळेच्या खोलीवर वडिलांचे नाव घालायला देणगीदार मिळतात. वस्तीतल्या त्या परिचारिकेचा वर्षभराचा पगार कुणी द्याल का, असे विचारले की मात्र हमखास प्रश्न येतो: “पगाराला कशाला? ते तर सेवा करतात ना?”