स्त्रीबीजाचं वय आणि आईचं वय

38व्या वर्षी पहिल्यांदा दिवस राहिले की दवाखान्याच्या फाईलवर ‘एल्डरली प्रायमी’, म्हणजे जास्त वयाची पहिलटकरीण, असा शेरा पडतो. घरी ‘जिना चढू नकोस, वाकू नकोस’ सुरू होतं आणि मोबाईलवर ‘गरोदरपणात व्यायाम करा, बाळ हुशार होईल’ असे व्हिडिओ येऊ लागतात. सगळे वयाबद्दलच बोलत असतात, पण नेमकं कशाचं वय ते कुणी सांगत नाही. स्त्रीबीजाचं वय ही एक गोष्ट आणि ते बीज ज्या शरीरात वाढणार त्याचं वय ही दुसरी. आकडा बहुतेक वेळा सारखाच असतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते. व्यायामाचा उपयोग मात्र एकीकडे शून्य आहे आणि दुसरीकडे बराच.

आधी बीजाचं पाहू. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार असतात. त्यांचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं आणि ते पुढे सरकतं ते बीज अंडाशयातून बाहेर पडताना. म्हणजे 40 वर्षांच्या बाईचं बीज 40 वर्षं ताटकळलेलं असतं. या काळात गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनं झिजतात, वाटणी चुकते आणि 21व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आली तर डाउन सिंड्रोम होतो. आईचं वय 25 असताना ही शक्यता साधारण 1,250 बाळांत एक, 35व्या वर्षी 350 मध्ये एक आणि 40व्या वर्षी 100 मध्ये एक. या चुकीचा परिणाम मेंदूच्या वाढीवर थेट होतो, पण ती गर्भ राहण्याच्या घटकेलाच झालेली असते. नंतर कितीही चाला, योगासनं करा, त्यात फरक पडत नाही. इथे कामाच्या त्या तपासण्या: 11 ते 13 आठवड्यांतली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी), डबल मार्कर ही आईच्या रक्ताची तपासणी, एनआयपीटी (आईच्या रक्तातला बाळाचा डीएनए पाहणारी) आणि शंका आलीच तर गर्भजलाची तपासणी. एखाद्या बाईला ‘व्यायाम केला असतास तर असं झालं नसतं’ म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि क्रूरही.

दुसरं वय शरीराचं: रक्तवाहिन्या, वार (प्लॅसेंटा), साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन. वयाबरोबर गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब वाढतो तो यामुळे. दोन्ही वयं वेगळी कशी, हे दुसऱ्या बाईचं, म्हणजे दात्रीचं, बीज घेतलेल्या आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबी) लख्ख दिसतं. 2021च्या कायद्यानुसार आपल्याकडे बीजदात्री 23 ते 35 वर्षांची असावी लागते, गर्भ वाढवणारी आई मात्र 45चीही असू शकते. अशा वेळी डबल मार्करच्या फॉर्मवर दात्रीचं वय लिहायचं असतं. चुकून आईचं लिहिलं तर जोखीम उगाच जास्त दिसते आणि घरभर घबराट. पण त्याच आईला रक्तदाबाचा धोका तिच्या स्वतःच्या वयाचाच असतो, किंबहुना थोडा जास्तच.

प्राण्यांत हे अगदी नेमकं तपासलं गेलं आहे. 2015 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या प्रयोगात हृदयदोषाची आनुवंशिक जोखीम असलेले उंदीर घेतले होते. वय झालेल्या माद्यांच्या पिलांत हृदयाचे दोष जास्त दिसत. संशोधकांनी तरुण मादीचं अंडाशय म्हाताऱ्या मादीत आणि म्हाताऱ्या मादीचं तरुण मादीत बसवलं. जोखीम अंडाशयाच्या वयाप्रमाणे बदलली नाही, मादीच्या वयाप्रमाणे बदलली. मग म्हाताऱ्या माद्यांना आधीपासून पळायचं चाक दिलं, तर ती जोखीम उतरली. प्रयोग हृदयाचा होता, मेंदूचा नव्हे, आणि तोही उंदरांवर. तरी आईच्या वयातून येणारा धोका काही बाबतींत हलवता येतो, हे त्यातून कळलं.

आईच्या व्यायामाचा फायदा बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचवणारी माणसातली सर्वांत भक्कम वाट मला साखरेची वाटते. आपल्याकडे गरोदर बाईला 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. आकडा 140 किंवा वर गेला की मधुमेह धरतात. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन करायला लागतं. जन्मानंतर नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र तसंच असतं. बाळाची साखर झपकन उतरते, आणि ती फार खाली जाऊन तशीच राहिली तर नवजात मेंदूला इजा होऊ शकते. जेवणानंतर चाललं की पायांचे स्नायू साखर ओढून घेतात, आणि ही साखळी सुरुवातीलाच सैल होते. नियमित व्यायामाने गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब होण्याची शक्यता साधारण 40 टक्क्यांनी घटते, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसलं आहे.

‘बाळ हुशार होईल’ या दाव्याचा पाया त्यामानाने लहान आहे. माँट्रियलमध्ये आठवड्यातून तीनदा किमान 20 मिनिटं व्यायाम करणाऱ्या आयांच्या नवजात बाळांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून आवाजांना मिळणारा प्रतिसाद मोजला. तो अधिक परिपक्व दिसला, पण बाळं वीसहूनही कमी होती. 1996च्या एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांची मुलं भाषेत पुढे दिसली, तिथेही दोन्ही गटांत वीस-वीसच. त्यावरून बुद्ध्यांकाची हमी देणाऱ्यांना सरळ बगल द्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला 150 मिनिटांचा आहे. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. दिवसभर ओट्याशी उभं राहणं यात धरू नये. त्याने पाय सुजतात, दम वाढत नाही. वार खाली असून रक्तस्राव होत असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, पाणी गेलं असेल किंवा रक्तदाब चढून लघवीतून प्रथिनं जात असतील, तर व्यायाम बंद, मग वय 22 असो की 42.