पाणीटंचाई, वॉर्ड आणि औषधाला न जुमानणारे जंतू

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा घरोघरी घागरींचा हिशेब चालला होता. रुग्णालयात मात्र हात धुण्यात काटकसर परवडत नाही, कारण प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पोहोचतात ते प्रामुख्याने माणसाच्या हातांवरून.

प्रतिजैविकाच्या माऱ्यात साधे जंतू मरतात आणि जनुकांतल्या एखाद्या बदलामुळे तगलेले तेवढे वाढतात. क्लेबसिएलासारखे जंतू तर ही क्षमता प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यातून शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊन टाकतात. असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू खाटेच्या कठड्यावर किंवा सलाईनच्या स्टँडवर कोरड्यातही कित्येक आठवडे जिवंत राहतो. म्हणूनच रुग्णाला स्पर्श न करता केवळ त्याच्या खाटेला हात लागला, तरी हात स्वच्छ करावे लागतात, आणि नेमके हेच सर्वांत सहज विसरले जाते.

पाण्याची अडचण येथे थोडी सुटते. हात मळलेले दिसत नसतील, तर अल्कोहोलयुक्त हँडरब २० ते ३० सेकंद चोळणे पुरते. हात रक्ताने वा विष्ठेने माखले असतील, किंवा अल्कोहोलने न मरणारे बीजाणू तयार करणाऱ्या जंतूंमुळे रुग्णाला जुलाब होत असतील, तर मात्र साबण आणि पाणीच हवे. हातमोजे घातले म्हणजे यातून सुटका झाली, असेही नाही.

आपल्याकडे रुग्णासोबत गावाकडची दोन-तीन माणसे असतातच. लघवीची पिशवी रिकामी करणारा मुलगा त्याच हातांनी शेजारच्या खाटेवरच्या आजींना उठवून बसवतो, आणि मग भाकरीचा डबा उघडतो. या शेजारधर्मावर आपले वॉर्ड बरेचसे चालतात, त्यामुळे नातेवाइकांना नुसते बाहेर काढणे हा मला उपाय वाटत नाही. हँडरबची बाटली प्रत्येक खाटेपाशी ठेवून ती कधी वापरायची, हे सिस्टरने त्यांनाही दाखवावे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता अडकवायची, हेही त्यांना सहज समजते. लघवीसाठी घातलेल्या नळीच्या आत जंतू चिकट थर धरतात, त्या थरात प्रतिजैविक नीट पोहोचत नाही आणि नळी जितके दिवस राहील तितका संसर्गाचा धोका वाढतो. म्हणून नळी आजही आवश्यक आहे का, हे डॉक्टरांनी रोज सकाळच्या राउंडला तपासायचे असते.