केस मोजा, मग विंचवाला नाव द्या

पावसाळा तोंडावर आला की मोबाईलवर विंचवांचे फोटो फिरू लागतात. त्यात पुष्कळदा एक तळहाताएवढा, पिवळट पायांचा, अंगभर केस असलेला विंचू असतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'अत्यंत विषारी, चिऱ्यांच्या गडग्यात हात घालू नका'. गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालू नये हे खरंच. पण फोटोतला प्राणी गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याच गडग्यात सापडायचा नाही. तो हॅड्रुरस ॲरिझोनेन्सिस. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या वाळवंटांत राहतो, खोल बीळ खणतो आणि वाढून 14 सेंटिमीटरपर्यंत जातो. उत्तर अमेरिकेतला सगळ्यांत मोठा विंचू तोच. त्याचा दंश साधारण मधमाशीच्या दंशाइतका दुखतो. ॲलर्जी असलेल्या माणसाची गोष्ट अर्थात वेगळी.

आपल्याकडे जिवावर बेततो तो बोटभर लांबीचा लाल विंचू, हॉटेंटोटा टॅम्युलस. आकारावरून विष ठरत नाही आणि नातंही ठरत नाही. मग ठरतं कशावरून? रंगावर भरवसा नको, तो एकाच जातीत जागेनुसार बदलतो. लांबी वयाची, जाडी खाण्याची. विंचवांचा अभ्यास करणारे पाहतात ते चिमट्याच्या हातावरचे मोजके केस. त्यांना ट्रायकोबोथ्रिया म्हणतात.

हा केस साध्या केसासारखा कातडीतून सरळ उगवलेला नसतो. कवचात वाटीसारखा बारीक खळगा असतो, त्याच्या तळाशी पातळ पडदा आणि त्यातून वर आलेला लांब, अगदी सडपातळ केस. हवेच्या किंचित हालचालीनेही तो डुलतो, पण वाटेल त्या दिशेला नाही. बिजागरी लावलेल्या दारासारखा एकाच रेषेत मागेपुढे. वेगवेगळ्या केसांच्या रेषा वेगवेगळ्या असल्यामुळे उडता किडा कुठल्या बाजूला आहे हे विंचवाला अंधारात कळतं. विंचवाला डोळे असतात, पण दृष्टी बेताचीच, शिकारीत या केसांचा मोठा आधार.

वर्गीकरणाला ते उपयोगी पडतात ते दुसऱ्याच कारणासाठी. कोळ्यांत असे केस वयाबरोबर वाढत जातात, विंचवात नाही. पहिली कात टाकून आईच्या पाठीवरून उतरलेल्या पिल्लाच्या हातावर जितके केस, जिथे, तितकेच आणि तिथेच म्हाताऱ्या विंचवाच्या. फ्रान्सच्या मॅक्स वाशों यांनी 1970च्या दशकात या जागांना अक्षरं देऊन नकाशाच तयार केला. हाताच्या दोन लांबट पेरांवर आणि चिमट्यावर मिळून 'अ' नमुन्यात 11, 13 आणि 15, म्हणजे 39. 'क' नमुन्यात 3, 19 आणि 26, म्हणजे 48. आपला लाल विंचू 'अ' नमुन्याचा. आपली काळी इंगळी 'क' नमुन्याची. आणि अमेरिकेचा तो केसाळ राक्षसही 'क' नमुन्याचाच! म्हणजे एकाच कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, राहणारे लाल विंचू आणि इंगळी एकमेकांपासून जितके लांब आहेत, त्यापेक्षा इंगळी त्या सातासमुद्रापलीकडच्या विंचवाला जवळची.

मोजणी सोपी नाही. हॅड्रुरसच्या अंगावर साध्या केसांचं रान असतं, नवखा माणूस तेही मोजून बसतो. केस न पाहता खळगा पाहायचा, कारण जतन केलेल्या नमुन्यात केस तुटून जातात, खळगा राहतो. आधी मऊ कुंचल्याने माती झाडायची, प्रकाश तिरका ठेवायचा, नाहीतर सूक्ष्मदर्शकाखाली नुसता झगमगाट दिसतो. त्याहून बरं म्हणजे अतिनील प्रकाश. विंचवाचं कवच त्यात हिरवट-निळं चमकतं आणि खळगे उठून दिसतात. नुकती कात टाकलेला विंचू मात्र कवच कठीण होईपर्यंत चमकत नाही. दोन्ही हात मोजावेत, एखाद्या हातावर एखादा केस कमी-जास्त निघतो.

हॅड्रुरसला कुठल्या कुलात घालायचं, या अभ्यासकांमधल्या भांडणाचं मूळ इथेच आहे. हॅड्रुरसमध्ये 48 जागा तर आहेतच, वर जादा केसही आहेत, आणि असे जादा केस विंचवांच्या वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे उपजलेले आहेत. साम्य दिसलं म्हणून नातं असेलच असं नाही. त्यामुळे इव्हिंग यांनी 1928 मध्ये नाव दिलेली ही जात अनेक वर्षं युरिडी कुलात होती. 2003 मध्ये सोलेग्लाड आणि फेट यांनी तिला कॅराबॉक्टोनिडी कुलात नेलं. 2008 मध्ये फ्रांके आणि प्रेंडिनी यांनी ते न मानता युरिडीच कायम ठेवलं. आता जनुकांच्या आधारे हॅड्रुरिडी हे वेगळं कुल धरलं जातं. जातीचं नाव या सगळ्यात तेच राहिलं, वरची छत्री तेवढी बदलत गेली.

जाता जाता मंत्रांबद्दल. इंगळीच्या दंशाची वेदना बहुधा काही तासांत आपोआप ओसरते आणि तेवढ्यात उतारा घातलेला असला की श्रेय मांत्रिकाला. लाल विंचवापुढे ही युक्ती चालत नाही. घाम सुटणं, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली की रुग्णाला सरळ दवाखान्यात न्यायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरून दाखवलं. ते मिळेपर्यंतचा वेळ विष ओढून घेतो म्हणतात तो दगड लावण्यात घालवू नये.

नावांची उलथापालथ आपल्या इंगळीलाही चुकलेली नाही. भारतातले मोठे काळे विंचू पूर्वी हेटेरोमेट्रस या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, होते. 2020 मध्ये त्यांची वाटणी झाली आणि पश्चिम घाटातल्या काहींच्या वाट्याला सह्याद्रीमेट्रस हे नाव आलं. संग्रहालयातल्या बाटलीतली जुनी चिठ्ठी मात्र फेकत नाहीत. नवी चिठ्ठी तिच्या शेजारीच सोडतात आणि ती पेन्सिलीने लिहितात, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.