वारस दाखला: मालकीचा नव्हे, वहिवाटीचा कागद

सोलापुरात घरातला कर्ता गेला की दिवस-कार्य आटोपतं न आटोपतं तोच 'वारस दाखला आणा' सुरू होतं. कोर्टातून मिळणारा हा दाखला कंपनी सरकारच्या १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा आहे. सोलापूरचा किल्ला मे १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि पुढच्या नऊ वर्षांतच हा नियम आला.

त्याचं पहिलंच कलम सांगतं की वारसाला मालमत्तेचा कारभार हाती घ्यायला किंवा ती परत मिळवायचा दावा लावायला आधी कोर्टाची मान्यता घ्यावीच लागते असं नाही. दाखला हवा तो वाद निघाला तर, किंवा ज्यांच्याकडे मयताचा पैसा-माल आहे त्यांना खात्री पटवायची असेल तर. अर्ज आला की जाहीर नोटीस निघते, हरकतींना एक महिना असतो. कलम ७ तर स्पष्टच आहे: दाखल्याने मालकी मिळत नाही, सध्या कायदेशीर कारभार कोणाकडे आहे एवढंच कळतं. लोकांची फसगत नेमकी इथे होते. थोरला भाऊ एकट्याच्या नावाचा दाखला घेऊन घर विकायला निघतो आणि खरेदीदाराचा वकील बहिणींच्या सह्या मागतो. त्याचं बरोबरच आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ पासून मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. दाखल्याच्या अर्जावरची तिची संमती त्याला पुरत नाही.

येणी आणि ठेवींची वाट वेगळी. त्यासाठी १८४१, १८६० आणि १८८९ मध्ये कायदे झाले आणि शेवटी ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात आले. त्यातलं उत्तराधिकार प्रमाणपत्र मयताची येणी, ठेवी, शेअर्स यांच्यापुरतं. घर-जमिनीला ते चालत नाही. ते पाहून पैसे देणारी बँक मोकळी होते, म्हणून बँका त्यावर अडून बसतात. अर्जाच्या परिशिष्टात खातं क्रमांक आणि रक्कम लिहावी लागते. एखादी ठेव राहून गेली तर नवा दावा नको. कलम ३७६ खाली प्रमाणपत्र वाढवून मिळतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत खरी अडचण नावाची. रेशनकार्डावर आडनाव आधी, गिरणीच्या कागदावर नुसती आद्याक्षरं, पासबुकात तिसरंच. अर्जातच ही सगळी रूपं 'उर्फ' लावून लिहावीत. नाहीतर दाखला हाती येतो आणि काउंटरवरून परत फिरतो.

हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का घेण्याची, सक्ती मुंबई इलाख्यात मुंबई शहरापुरती होती. सोलापूर पडलं मोफुसिल, म्हणजे शहराबाहेरचा मुलूख, म्हणून इथे मृत्युपत्रात नेमलेले व्यवस्थापक मृत्युपत्राच्या बळावरच काम करत आले. मुंबईतल्या खोलीचा प्रश्न आला की मात्र गाडी अडायची.

जमिनीची हक्कनोंद इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. आज १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, गाव नमुना ६-क मध्ये वारस लागतात, मग फेरफार. शहरात मालमत्ता पत्रकासाठी नगर भूमापन कार्यालय. यानेही मालकी ठरत नाही.

कोर्टाने प्रोबेट किंवा प्रशासनपत्र (मयताच्या मालमत्तेचा कारभार सोपवणारं पत्र) दिलं असेल तर जबाबदारी वाढते. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टात द्यावा लागतो. देण्यांचा क्रमही १९२५ च्या कायद्यात बांधलेला आहे. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग कोर्टखर्च, आणि त्यानंतर मजूर, कारागीर, घरगड्यांची मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी. म्हणजे कारखाना मयताच्या स्वतःच्या नावाचा असेल, तर त्याच्या मागांवरचे विणकर आणि कांडी भरणाऱ्या बायका यांचा पगार आधी चुकता करायचा, सुताच्या व्यापाऱ्याची उधारी त्यानंतर.