मुलाखतीतले कोटी आणि हिशेबातले कोटी

‘मी मतदारसंघात इतके कोटी आणले’ हे वाक्य कर्नाटकातल्या आपल्या मराठी सीमाभागात, निपाणीपासून खानापूरपर्यंत, नेत्यांच्या मुलाखतींत हमखास ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी तो आकडा चौकात फिरतो आणि आठवड्याभरात ते त्या नेत्याचं काम म्हणून पक्कं होतं. मुलाखत रंगली म्हणजे कारभार चांगला, अशी ही सरमिसळ आहे. तपासायला हव्यात दोन्ही गोष्टी, पण वेगवेगळ्या मापांनी.

मुलाखतीतून माणसाचा कल कळतो. कोणता प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटतो, अडचणीच्या प्रश्नावर तो उत्तर देतो की विरोधकांवर घसरतो, काम का रखडलं हे सांगायची त्याची तयारी आहे का, हे तिथे दिसतं. मुलाखतकारालाही तपासावं. ‘मंजूर झाले की खर्च झाले?’ हा पुढचा प्रश्न त्याने विचारलाच नसेल, तर ते भाषणच झालं, फक्त समोर माणूस बसवून केलेलं. आपल्याकडे आणखी एक कसोटी आहे: एकाच नेत्याची कन्नड वाहिनीवरची आणि मराठी वाहिनीवरची मुलाखत लागोपाठ ऐकावी. आश्वासन दोन्हीकडे तेच असेल तर ते धरून ठेवण्यासारखं.

खर्चाचं मात्र असं एका बैठकीत कळत नाही, कारण सरकारी पैसा टप्प्याटप्प्याने चालतो. आधी अर्थसंकल्पात तरतूद होते. मग प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश (काम सुरू करण्याचा हुकूम), आणि शेवटी बिल. यातल्या कुठल्याही पायरीवर उभं राहून नेता ‘आणले’ म्हणू शकतो आणि ते धड खोटंही ठरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या पायरीत कधी कधी बरीच वर्षं जातात.

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी परिसराचंच बघा. म्हादई नदीच्या पाणीवाटपासाठीच्या लवादाने २०१८ साली कळसा-भांडुरासाठी, म्हणजे म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवण्याच्या कर्नाटकाच्या प्रकल्पासाठी, ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. कर्नाटकाच्या २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात म्हादईसाठी ५०० कोटी जाहीर झाले, २०२२-२३ मध्ये कळसा-भांडुरासाठी १,००० कोटी. पण केंद्रीय जल आयोगाने सुधारित प्रकल्प अहवाल मान्य केला तो डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे हजार कोटींची घोषणा त्याच्या आधीची. आणि त्यानंतरही वन व वन्यजीव परवानग्यांचा अडसर होताच. प्रकल्प व्हावा की होऊ नये यावर खानापुरात मतभेद आहेत आणि जंगलाची काळजी मलाही वाटते. पण ज्या कामाला परवानगी नाही त्याची तरतूद कर्तबगारी म्हणून मोजणं चूक, आणि खर्च झाला नाही म्हणून नेत्याला थेट निष्क्रिय ठरवणंही घाईचं. रक्कम का पडून राहिली हे आकडा सांगत नाही. त्यासाठीच मुलाखतीत खोदून विचारावं लागतं.

अर्थसंकल्पाचे तक्ते दिसतात तितके अवघड नाहीत. २०२५-२६ चं पुस्तक उघडलं तर २०२३-२४ चा प्रत्यक्ष जमाखर्च, २०२४-२५ चा मूळ अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि नव्या वर्षाचा अंदाज असे रकाने दिसतात. मुलाखतीत बहुतेक वेळा शेवटच्या रकान्यातला आकडा येतो. नेत्याला जोखायचं असेल तर पहिला रकाना वाचावा. पुढे महालेखापालांचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात, त्यांत मंजूर रकमेतलं किती वापरलंच नाही तेही असतं.

तिथेही सावध राहावं लागतं. तिजोरीतून काढून एखाद्या ठेव खात्यात ठेवलेली रक्कम हिशेबात खर्च म्हणून दिसते, काम मात्र सुरूही झालेलं नसतं. उलट रस्ता होऊन गेलेला असतो आणि कंत्राटदाराचं बिल थकलेलं असतं. तेव्हा काम दिसतं, खर्च दिसत नाही. म्हणून कागदानंतर जागेवर जाऊन बघणं आलंच. घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यात पैसे देणाऱ्या कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीसारख्या योजनेत हे सोपं आहे: महिन्याचे २,००० रुपये कोणत्या महिन्यात आले आणि कोणता महिना राहिला, हे घरातलं पासबुकच सांगतं.

श्रेय कोणाचं हेही पाहावं. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, पण खासदार फक्त काम सुचवतो. मंजुरी आणि पैसे देणं जिल्हा प्रशासनाकडे असतं. आमदार निधी २ कोटी. त्यात खानापूर विधानसभा उत्तर कन्नड लोकसभेत आणि निपाणी चिक्कोडीत, म्हणजे बेळगावच्या खासदाराच्या निधीची फुशारकी खानापूरकराने ऐकली तरी तो त्याच्या वाट्याचा नव्हे.

आपल्या बाबतीत एक गोष्ट मला मनापासून खटकते. सीमाप्रश्नावर कुणी ठणकावून बोललं की आपण त्याला बाकीचा हिशेब विचारत नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा आपल्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्यावर ठाम बोलणारा माणूस हवाच. पण गटार, शाळेची खोली, पाण्याची टाकी यांचा पैसा याच वर्षी येतो आणि याच वर्षी वाया जातो. बरेच कागद कन्नडमध्ये असल्याने आपण ते उघडतच नाही आणि मराठीत जे कानावर पडतं त्यावरच मत बनवतो. सीमाभागात मुलाखतीचं वजन वाढतं ते यामुळे.

कागद मागवता येतो. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे इथे कन्नडमध्ये, करता येतो. मराठीचा आग्रह धरला तर अर्ज अडू शकतो, हिंदीत केला तर नाही. शुल्क १० रुपये, उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवस. कर्नाटकाच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून सगळ्या मतदारसंघाचा हिशेब मागू नये. मुलाखतीत ज्याचं नाव घेतलं असं एकच काम निवडावं आणि मंजुरीची तारीख, मंजूर रक्कम, कार्यादेशाची तारीख, आजवर दिलेली रक्कम आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्याची प्रत, एवढंच मागावं.