किराळ : एक शब्द, दोन विषं

मृगाचा पाऊस पडून गेला, ज्वारी गुडघ्याला लागली आणि पुढं पावसानं ओढ दिली, की शिरोळ-हातकणंगल्याकडं ‘किराळ लागली’ हे शब्द कानावर यायला लागतात. बांधाला चरणारी म्हैस दावं हिसडून कडवळात, म्हणजे ज्वारीच्या हिरव्या चाऱ्यात, घुसते, चार-दोन घास ओढते आणि बाहेर काढेपर्यंत थरथरून खाली बसते.

कोवळ्या ज्वारीतलं हे विष म्हणजे सायनाइड. ते ज्यातून सुटतं ते धुरिन १९०२ साली वेगळं करण्यात आलं, इजिप्तच्या ज्वारीतून. धुरिन पानाच्या एका थरात असतं, त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) दुसऱ्या थरात. जनावरानं पान चावलं की दोघांची गाठ पडते. रवंथ करणाऱ्यांच्या पोटातले जंतू हे काम आणखी लवकर उरकतात, म्हणून घोड्यापेक्षा म्हशीला धोका जास्त.

खरा घोळ शब्दाचा आहे. गोठ्यात ‘किराळ’ हे नाव सायनाइडलाही आहे आणि नायट्रेटलाही. हिरवा चारा खाऊन जनावर अचानक पडलं, एवढंच त्यात दिसतं. नायट्रेटची बाधाही जुनीच. १८९५ मध्ये अमेरिकेत मक्याची ताटं खाऊन गुरं मेल्याची नोंद आहे, पण पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्त निकामी करतं, हा उलगडा व्हायला १९४० च्या आसपासचा काळ उजाडला. आपल्याकडं हा प्रश्न वाढला तो नंतर. देशातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण १९६४ साली आलं, पाठोपाठ युरिया आला आणि त्यातलं नत्र चाऱ्यात नायट्रेट होऊन साठायला लागलं. ऊस नदीकाठ सोडून माळावर चढला तशी गायरानं आटली आणि म्हशी गोठ्यात आल्या. चरताना जनावर निवडून खातं. विळ्यानं कापून पुढं टाकलेल्या भाऱ्यात निवडायला जागा राहत नाही.

आता उपचाराचं बघा. सायनाइडवर १९३० च्या दशकापासून सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट देतात. नायट्राइटमुळं रक्तातल्या काही हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहू न शकणारं हिमोग्लोबिन, होतं आणि ते सायनाइडला धरून ठेवतं. नायट्रेटच्या बाधेत रक्तात मेथहिमोग्लोबिनच वाढलेलं असतं. तिथं हेच इंजेक्शन म्हणजे मेलेल्याला आणखी मारणं. तिथं मिथिलीन ब्ल्यू लागतं. म्हणजे फोनवर मालक ‘किराळ’ म्हणाला आणि डॉक्टर त्या एका शब्दावर विसंबले, तर जनावर औषधानंच जाऊ शकतं. मला तरी हा शब्द गोड वाटत नाही, कितीही आपला असला तरी.

ओळख मात्र अवघड नाही. शिरेतलं रक्त पांढऱ्या कापसावर घ्यायचं. लालभडक दिसलं तर सायनाइड, चॉकलेटी दिसलं तर नायट्रेट. काहीच कळेना तर आधी थायोसल्फेट देणं सुरक्षित.

पश्चिमेकडं, राधानगरी-गगनबावड्यात, गोष्ट वेगळी. तिथं घाणेरी, म्हणजेच टणटणी. १८०९ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणली आणि पुढं रानोमाळ झाली. तिच्या पाल्यानं यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात अंगावरचे पांढरे पट्टे सोलतात. जनावर दिवसेंदिवस खंगत जातं, म्हणून तिला कुणी किराळ म्हणत नाही.

चारा वाळवण्याच्या सल्ल्यातही तोच घोळ. कडवळ कडक वाळवलं की सायनाइड बरंचसं उडून जातं, नायट्रेट मात्र कडब्यात जसंच्या तसं राहतं. ते कमी होतं मुरघासात, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यात, तेही नीट मुरू दिलं तर.