रास्पबेरीचा खोडवा धरायचा नसतो

‘फळं संपली की रास्पबेरी जमिनीलगत सपाट छाटा, पुढच्या वर्षी दुप्पट येते’ हा सल्ला कोल्हापुरात बरीच वर्षं फिरतोय. आपल्याकडं ऊस तोडला की खोडवा जोमानं फुटतो, त्यामुळं तो पटतोही पटकन. पण रास्पबेरीचं गणित वेगळं आहे.

तिचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, काठी मात्र दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळते. सगळंच छाटलं तर पुढच्या हंगामाच्या काठ्याही गेल्या. मग पाला रग्गड, फळ एक नाही!

काढायची ती फक्त फळून गेलेली काठी. ती तपकिरी असते, साल सुटलेली, बाजूच्या फांद्यांवर फळांचे वाळके देठ. नवी काठी कोवळी. सह्याद्रीतल्या काळ्या रास्पबेरीच्या नव्या काठीवर तर पांढरी भुकटी असते, बोटानं पुसली जाते. अशा पाच-सहा जोमदार ठेवून तारेला बांधा. हातमोजे घाला, काटे वाकडे असतात.

आता, हा सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘हेरिटेज’सारख्या जाती पहिल्याच वर्षी काठीच्या शेंड्याला फळतात. त्या सपाट छाटल्या तरी चालतं. बाकीच्या लाल जातींना लांबलचक कडक थंडी लागते, ती इथं मिळत नाही. त्यामुळं परसात काळीच बरी. फक्त काळ्या रानात ती वरंब्यावर लावा. जुलैच्या झडीत पाणी साचलं की मुळं कुजतात.